कॉलेजचं लॉगिन बंद झाल्यावर केस लॉ कुठून काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एलएलबीची शेवटची परीक्षा मे महिन्यात संपते आहे. तीन वर्षं कॉलेजच्या कृपेने एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्रा हे न्यायालयीन निकालांचे पैसे भरून घ्यायचे डेटाबेस वापरायला मिळाले. आता ग्रंथपाल सांगतात की 'नो ड्यूज' घेतलं की लॉगिन बंद. जूनपासून एका चेंबरमध्ये इंटर्नशिप आहे आणि तिथल्या सरांनी आधीच विचारून ठेवलंय, "तुझ्याकडे कॉलेजचं लॉगिन असेल ना?" सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात यायला वेळ आहे, स्वतःची वर्गणी भरण्याची ऐपत नाही. या मधल्या काळात, आणि पुढे ज्युनिअर म्हणून काम करताना, न्यायालयांचे निकाल शोधायचे कसे?

मी बावीस वर्षं मुंबईत दिवाणी कामं करतो. चेंबरमध्ये दरवर्षी दोन-तीन नवी मुलंमुली येतात आणि जूनमध्ये सगळ्यांची रडकथा तीच असते. त्यामुळे हे उत्तर बऱ्याच वेळा तोंडी देऊन झालं आहे, आज लिहून काढतो.

आधी सरांच्या प्रश्नाचं बघू, कारण तोच अवघड आहे. कॉलेजचं लॉगिन शिक्षणासाठी असतं. कॉलेजने कंपनीशी जो करार केलेला असतो त्यात वापर शैक्षणिक कामापुरता, आणि तुम्ही विद्यार्थी असेपर्यंत, असं साधारणपणे लिहिलेलं असतं. मूटसाठी, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी, प्रोजेक्टसाठी, कॉलेजने लावून दिलेल्या इंटर्नशिपच्या अहवालासाठी वापरलंत तर कोणी बोलणार नाही. पण चेंबरमधल्या ज्या दाव्याची फी सर घेणार आहेत, त्या दाव्याचा शोध कॉलेजच्या पैशाने घ्यायचा, हे त्या करारात बसत नाही. सरांना वाईट हेतू असतो असं नाही, त्यांना कराराचा तपशील माहीतच नसतो. त्यांना सरळ सांगा, "सर, त्या लॉगिनवर क्लायंटचं काम चालत नाही, चेंबरचं मिळालं तर बरं होईल, नाहीतर मी हायकोर्टाच्या साइटवरून आणि इंडियन कानून या मोफत साइटवरून काढते." यात अपमान वाटून घेणारा सीनिअर मी अजून पाहिलेला नाही. शिवाय तुमच्या नावावरच्या खात्यात पक्षकाराचं नाव आणि प्रकरणाचे तपशील शोध-इतिहासात साठत जातात, ही गोष्ट सरांच्या लक्षात आणून दिली तर ते स्वतःच नको म्हणतील.

मागच्या वर्षीच्या मित्राचा, लहान बहिणीचा पासवर्ड वापरणं हाही तोच प्रकार, फक्त त्यात अडकतो दुसराच माणूस. आणि जाता जाता सगळे निकाल उतरवून ठेवू, हा विचार तर पूर्ण सोडा. एका कॉलेजात एका हुशार मुलाने रात्रभर प्रोग्रॅम चालवून हजारो निकाल खेचले. कंपनीच्या यंत्रणेला ते कळलं आणि सकाळी सगळ्या कॉलेजचाच प्रवेश थांबला, तोही मूटच्या आठवड्यात. त्या मुलाने त्या फाइली पुढे उघडल्या असतील की नाही, कोण जाणे.

अमेरिकेत शिकलेली मंडळी सांगतात की तिथे वेस्टलॉ, लेक्सिससारख्या कंपन्या पदवीनंतरही काही महिने प्रवेश चालू ठेवतात, म्हणजे बारची परीक्षा आणि पहिली नोकरी यांच्यामधली फट भरून निघते. हा दानधर्म नव्हे. हात एकदा बसला की माणूस फर्ममध्ये जाऊन तेच मागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्याकडे अशा मुदतवाढीवर विसंबून राहू नका, पण विचारून बघायला पैसे पडत नाहीत. कॉलेजलाही विचारा आणि कंपनीच्या प्रतिनिधीलाही.

आता मधल्या फटीचं गणित. परीक्षा, मग निकाल, मग गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, मग बार कौन्सिलकडे अर्ज, मग सनद. यात काही महिने सहज जातात. तुम्ही ना विद्यार्थी, ना वकील. एक बरं झालं, २०२४ च्या ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात ठरवून दिलं की नोंदणीसाठी सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये मोजावे लागत. तेवढे वाचले, पण डेटाबेसची वर्गणी काही त्याने उतरत नाही. अखिल भारतीय बार परीक्षेसाठी मात्र डेटाबेसची चिंता करू नका, तिथे टिपा नसलेला बेअर ॲक्टच, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूरच, आत नेता येतो आणि तोच नीट वाचलेला असावा लागतो.

आता मुद्द्याचं. लॉगिन गेल्यावर नक्की काय जातं? निकाल जात नाहीत. निकाल सगळ्यांना खुले असतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(क्यू) मध्ये न्यायालयाचा निकाल छापणं हे उल्लंघन नाही असं स्पष्ट आहे, न्यायालयानेच मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. यावरचा ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक हा निकाल, (२००८) १ एससीसी १, म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' या अहवालाच्या २००८ च्या पहिल्या खंडाचं पहिलं पान, प्रत्येक ज्युनिअरने एकदा तरी मुळातून वाचावा, कारण आपण पैसे कशाचे मोजतो ते त्यात दिसतं. एससीसीच्या प्रकाशकांची तक्रार होती की काही कंपन्यांनी त्यांचे अहवाल उचलून सीडी काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की मूळ निकाल सगळ्यांचा आहे, टायपिंगच्या चुका दुरुस्त केल्या, विरामचिन्हं घातली, एवढ्याने तो तुमचा होत नाही. पण मूळ निकालात नसलेले परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं, त्यांचा एकमेकांशी संदर्भ जोडणं, कोणता न्यायाधीश सहमत आणि कोणाचं मत वेगळं हे नोंदवणं, यात डोकं आणि कायद्याची जाण लागते, म्हणून त्याला संरक्षण मिळालं. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, तर संपादकाने स्वतः लिहिलेलीच असते.

म्हणजे तुमच्या हातून जाणार आहे ती ही संपादकीय साय: हेडनोट, परिच्छेद क्रमांक, 'हा निकाल पुढे फिरवला गेला', 'याला वेगळं ठरवलं' अशा खुणा, आणि एका विषयावरचे निकाल एकत्र बांधलेली जुळणी. विद्यार्थीदशेत आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो आणि त्यालाच संशोधन म्हणतो. हेडनोट वाचायची, सायटेशन, म्हणजे निकाल कुठे छापलाय तो पत्ता, उतरवायचं, पुढचा निकाल. कोर्टात हे पहिल्याच वर्षी उघडं पडतं.

माझं पडलं ते परिच्छेद क्रमांकावरून. जुन्या निकालांना मुळात क्रमांक नसायचे, ते ज्याच्या त्याच्या संपादकाने घातले. त्यामुळे एकाच निकालाचा एआयआरमधला, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टरमधला, परिच्छेद सतरा आणि एससीसीमधला परिच्छेद सतरा वेगळे असू शकतात. मी एआयआरवरून टिपण केलं होतं आणि मोठ्या आत्मविश्वासाने "मिलॉर्ड, परिच्छेद सतरा" म्हणालो. न्यायमूर्तींच्या हातात एससीसीचा खंड. त्यांनी पान काढलं, वाचलं आणि विचारलं, "यात तर खर्चाबद्दल आहे. आपल्याला खर्च मागायचा आहे का?" समोरच्या वकिलांनी हसू लपवलं नाही. तेव्हापासून टिपणात परिच्छेद क्रमांकापुढे रिपोर्टरचं, म्हणजे निकाल छापणाऱ्या मालिकेचं, नाव आणि त्या परिच्छेदाचे पहिले पाच-सहा शब्द लिहितो. कुठलीही प्रत समोर आली तरी जागा सापडते.

तर लॉगिन चालू आहे तेवढे आठवडे असे वापरा. पहिल्या दोन वर्षांत ज्युनिअरच्या वाट्याला येणारे विषय ठरलेले असतात: तात्पुरता मनाई हुकूम, विलंब माफी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र फेटाळणं, चेक न वटल्याचा खटला, अटकपूर्व जामीन, पोटगी, भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे दावे, मोटार अपघात दावे, हिंदू कुटुंबातली वाटणी. प्रत्येक विषयावर कमेंटरीतून आणि डेटाबेसमधून आधारस्तंभ असलेले पाच-सहा निकाल निवडा, ते पूर्ण वाचा आणि स्वतःच्या शब्दांत टिपण काढा. टिपणात पक्षकारांची पूर्ण नावं, निकालाची तारीख, किती न्यायाधीशांचं पीठ, आणि मिळतील तेवढी समांतर सायटेशन्स, म्हणजे तोच निकाल इतर रिपोर्टरमध्ये कुठे आहे ते, हवीत. डेटाबेसमधली लिंक साठवू नका, लॉगिनबरोबर ती मरते. त्यातच बनवलेली फोल्डर्स आणि अधोरेखनंही तशीच जातात. पक्षकारांची नावं आणि तारीख मात्र कुठेही चालते. नावाचं स्पेलिंग प्रत्येक साइटवर वेगळं निघतं, तारीख बदलत नाही.

पीठ किती जणांचं, हे मुलं हमखास वगळतात. हिंदू वारसा कायद्यातल्या मुलींच्या सहदायाद हक्काचं, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने मिळणाऱ्या वाट्याचं, उदाहरण घ्या. प्रकाश विरुद्ध फुलवती, २०१५ मधला, दोघांच्या पीठाचा: २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असला तरच मुलीला हक्क. दानम्मा, २०१८, तोही दोघांच्या पीठाचा, आणि त्यात बाप आधीच वारलेला असूनही मुलींना वाटा दिलेला. दोन वर्षं खालच्या कोर्टांत ज्याला जो सोयीचा तो निकाल तो वाचत होता. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तिघांच्या पीठाने हक्क जन्माने मिळतो, बाप हयात असण्याची अट नाही, असं सांगून फुलवती रद्दबातल ठरवला. टिपणात पीठाची संख्या लिहिली असेल तर या तीन निकालांचं नातं एका नजरेत कळतं. आणि महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती करून मुलींना १९९४ मध्येच सहदायाद केलं होतं, तीही शेजारी नोंदवून ठेवा.

लॉगिन गेल्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाहायला आता पैसे मोजायचं कारण उरलेलं नाही. सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, म्हणजे न्यायालयाचा स्वतःचा अधिकृत अहवाल, ई-एससीआर म्हणून जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यांना मोफत खुला झाला. १९५० पासूनचे निकाल त्यात आहेत, हेडनोटसकट. माझ्या ज्युनिअरच्या दिवसांत एससीआरचे खंड म्हणजे काचेच्या कपाटातली चीज होती. त्याच वर्षी न्यूट्रल सायटेशन आलं, वर्ष, मग आयएनएससी, मग क्रमांक, आणि जुन्या निकालांनाही ते दिलं गेलं. कोणत्याही खासगी प्रकाशकाशी याचा संबंध नाही, म्हणून टिपणात हे आधी लिहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांवर बीएचसीपुढे बाजू किंवा खंडपीठ दिसतं: एएस म्हणजे अपील शाखा, ओएस म्हणजे मूळ शाखा, एनएजी नागपूर, एयूजी औरंगाबाद. उच्च न्यायालयांचे निकाल त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि ई-कोर्ट्सच्या निकाल शोधाच्या पोर्टलवर सगळ्या उच्च न्यायालयांतून शब्द टाकून शोधता येतं. ते पोर्टल जरा हट्टी आहे, दर वेळी कॅप्चा मागतं, पण न्यायाधीश, वर्ष, प्रकरणाचा प्रकार अशी चाळणी लावता येते. कोर्टात द्यायची प्रत शक्यतो अशाच अधिकृत ठिकाणाहून छापा.

रोजचा घोडा मात्र इंडियन कानूनच. सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने २००८ मध्ये सुरू केलेली ही साइट नसती तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या निम्म्या वकिलांचं काय झालं असतं, सांगता येत नाही. पण बहुतेक जण तिच्यावर गूगलसारखे चार शब्द फेकतात आणि जे पहिलं येईल ते घेतात. थोडं शिकून घ्या. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाका. इंग्रजीतले अँड, ऑर, नॉट हे जोडशब्द तिथे शेवटचं अक्षर दोनदा टंकून लिहायचे असतात, साधे लिहिले तर ते शोधाचेच शब्द समजले जातात. न्यायालय, तारखेची मर्यादा, निकालपत्र लिहिणारा न्यायाधीश, शीर्षकातलं नाव, असं प्रत्येक गोष्टीने शोध आवळता येतो. कलमाचा क्रमांक टाकून शोधण्यापेक्षा त्या कलमाचं पान उघडा आणि त्याचा उल्लेख करणारे निकाल बघा, कचरा कमी येतो.

आता मोफत साइटवर जी गोष्ट मिळत नाही आणि जिच्यापायी ज्युनिअर तोंडघशी पडतो, ती म्हणजे धोक्याची खूण. पैसे देऊन घेतलेल्या डेटाबेसात फिरवलेल्या निकालावर खूण असते. मोफत साइटवर मेलेला निकालही जिवंत असल्यासारखा दिसतो. ही तपासणी हाताने करावी लागते.

समजा पुण्यातल्या पक्षकाराला नागपूरच्या बँकेवरचा चेक मिळाला, तो वटला नाही, आणि खटला कुठे दाखल करायचा हे शोधायचं आहे. शोधात दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हमखास वर येईल, (२०१४) ९ एससीसी १२९, तिघांचं पीठ. तो म्हणतो की चेक ज्या बँकेवर काढला तिच्या शाखेच्या हद्दीत, म्हणजे नागपूरला. याने के. भास्करन हा १९९९ चा निकाल, ज्यावर पंधरा वर्षं सगळे खटले पुण्यात दाखल होत होते, बाजूला सारला. तिघांचं पीठ, महाराष्ट्रातलंच प्रकरण, नेमका मुद्दा. ज्युनिअर खूश. आणि सपशेल चूक. कारण २०१५ मध्ये संसदेने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात दुरुस्ती केली, कलम १४२(२) घातलं, १५ जून २०१५ पासून लागू केलं, आणि चेक खात्यात भरला असेल तर घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टाला अधिकार दिला. परत पुणे. सर्वोच्च न्यायालयाने ब्रिजस्टोन इंडिया विरुद्ध इंद्रपाल सिंग, (२०१६) २ एससीसी ७५, मध्ये ही दुरुस्ती लागू केली.

हे हाताने कसं सापडतं? निकालाच्या पानावर तो ज्या पुढच्या निकालांत उल्लेखला गेला त्यांची यादी असते. ती उघडा, नवीन आधी अशी लावा, आणि त्यात फक्त सर्वोच्च न्यायालयाचे व आपल्या उच्च न्यायालयाचे निकाल ठेवा. वरचे आठ-दहा उघडून आपल्या निकालाचं नाव कुठे आलंय तेवढाच भाग वाचा. दशरथ राठोडच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या निकालातच '२०१५ ची दुरुस्ती' हे शब्द भेटतात. मग कायद्याचं मूळ कलम उघडून आजचा मजकूर वाचा. निकाल कितीही मोठ्या पीठाचा असो, कलम त्याच्यानंतर बदललं का, हे पाहिल्याशिवाय तो वापरायचा नाही. अर्धा तास जातो. डेटाबेसवर हेच काम पाच मिनिटांचं, पण या अर्ध्या तासात तो मुद्दा कसा वळत गेला ते कळतं, आणि न्यायाधीशांनी आडवा प्रश्न विचारला तर तेच कामाला येतं.

कायद्याचा मजकूर इंडिया कोडवर मोफत आहे, केंद्राचा आणि राज्यांचाही. अगदी अलीकडची दुरुस्ती मात्र राजपत्रात जाऊन बघा, संकलित मजकूर कधीकधी मागे असतो. राज्य दुरुस्त्यांवर विशेष लक्ष ठेवा. महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेला कलम ९-ए होतं, अधिकारक्षेत्राचा आक्षेप आधी निकाली काढायला लावणारं. ते २०१८ मध्ये वगळलं गेलं. दिल्लीत छापलेल्या साध्या बेअर ॲक्टमधून ते कधी होतं आणि कधी गेलं याचा पत्ता लागणं कठीण, आणि जुन्या दाव्यांत ते अजूनही डोकं वर काढतं. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या दोन बहिणी, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम, आल्या. नव्या कलमाखाली निकाल थोडे, जुन्याखाली दीडशे वर्षांचे. त्यामुळे शोध दोन्ही क्रमांकांनी घ्यावा लागतो, आणि दोन्ही कलमांचा मजकूर शेजारी ठेवून शब्द तोच आहे का हे आधी पडताळावं लागतं. जुनं कलम-नवं कलम अशा छापील तक्त्यावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण क्रमांक जुळतो आणि मधला एखादा शब्द बदललेला असतो.

मोफत साधनं खरी कमी पडतात ती उच्च न्यायालयांच्या जुन्या निकालांत. भाडेनियंत्रण, कूळकायदा, सहकारी गृहनिर्माण संस्था, इनाम जमिनी, या विषयांचा कायदा मुंबई उच्च न्यायालयाने सत्तर-ऐंशीच्या दशकांत घडवला आणि त्यातलं बरंच ऑनलाइन धड मिळत नाही. इथे बार लायब्ररीला पर्याय नाही. महाराष्ट्र लॉ जर्नल, बॉम्बे केसेस रिपोर्टर, ऑल एमआर, आणि १८९९ पासून निघालेला बॉम्बे लॉ रिपोर्टर. नागपूरच्या एआयआरचे खंड तर तालुक्याच्या बार रूममध्येही सापडतील. खंड चाळत बसू नका, वार्षिक डायजेस्ट घ्या, कायदा आणि कलम काढा, चार ओळींचा सारांश वाचा, मग खंड मागवा. आमची पिढी अशीच शिकली आणि अजूनही काही विषयांत हीच वाट जवळची आहे. लायब्ररीतल्या जुन्या कर्मचाऱ्याशी ओळख करून घ्या. कुठल्या वर्षाचा खंड कोणत्या न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये गेलाय आणि परत आलेला नाही, हे त्यालाच माहीत असतं. काही बार असोसिएशनांच्या लायब्ररीत सभासदांसाठी संगणकावर डेटाबेसही असतो. सनद मिळून सभासद होईपर्यंत सीनिअरची चिठ्ठी घेऊन जा.

परदेशी निकालांची गरज ज्युनिअरला क्वचित पडते. पडली तर इंग्लंडसाठी बेली ही मोफत साइट, किंवा तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची निकाल सेवा. लेखांसाठी एसएसआरएन हे संशोधन-लेखांचं संकेतस्थळ. एवढं पुरे.

चॅटबॉटला विचारून निकाल मागण्याबद्दल आता प्रत्येक जण विचारतो. विषय समजून घ्यायला, शोधाचे शब्द सुचवायला वापरा, हरकत नाही. सायटेशन त्याच्याकडून घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माता विरुद्ध एव्हियांका प्रकरणात वकिलांनी यंत्राने रचलेले निकाल दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. ते तिकडचं झालं म्हणू नका. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये प्राप्तिकराचा एक निर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. माझ्या चेंबरमध्ये नियम साधा आहे: ज्याने निकाल सुचवला त्याने अधिकृत प्रत छापून, वापरायचं वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून माझ्यासमोर ठेवायचं.

मग स्वतःची वर्गणी कधी? पहिल्या वर्षी घेऊ नका असं मी सांगेन. पहिलं वर्ष तारखा घेण्यात, बोर्ड बघण्यात, नकला काढण्यात आणि सीनिअरच्या मागे उभं राहण्यात जातं. शोध जेवढा लागतो तो चेंबरच्या कामाचा, आणि त्यासाठी चेंबरचं लॉगिन असतं. स्वतःच्या नावाने वकालतनामे दाखल व्हायला लागले आणि महिन्यातून चार-पाच वेळा मोफत साधनांनी अडायला झालं, की घ्या. तेव्हाही सगळं पॅकेज घेऊ नका. कशासाठी अडतं ते तीन महिने वहीत लिहा. अडचण फक्त मुंबईच्या जुन्या निकालांची निघाली तर स्थानिक रिपोर्टरची वर्गणी जास्त कामाची. प्रतिनिधी पहिला सांगतो तो दर शेवटचा नसतो, आणि नव्या सनदधारकाला सवलत आहे का हे विचारल्याशिवाय तो आपणहून बोलत नाही. तिघा मित्रांत मिळून एकच लॉगिन घ्यायचा बेत असेल तर तसा बहुजणांचा परवाना मागा. एकाच्या परवान्यावर तिघं बसलात तर ऐन सुनावणीच्या आदल्या रात्री 'दुसऱ्या ठिकाणी वापर चालू आहे' हे वाचायला मिळेल.

राहिलं कॉलेजचं. ग्रंथपालांकडे 'नो ड्यूज'चा अर्ज घेऊन लगेच जाऊ नका, आधी नुसते भेटायला जा. तीन गोष्टी विचारा: लॉगिन नक्की कोणत्या तारखेला बंद होतं, नो ड्यूजने की निकाल लागल्यावर की नवं वर्ष सुरू झाल्यावर, माजी विद्यार्थ्यांना फी भरून लायब्ररीत बसता येतं का, आणि डेटाबेस कॉलेजच्या आवारातल्या इंटरनेटवर आपोआप उघडतो का. शेवटच्या दोन्हींचं उत्तर हो असेल, आणि बाहेरून येऊन बसणाऱ्यालाही करारात मुभा असेल, तर तुमच्या अभ्यासापुरता तो दरवाजा पुढेही उघडा राहतो. प्रमाणपत्राची घाई नसेल तर अर्ज त्यानंतर द्या.